न मारलेला ठोसा

जुना सोफा फाडायचा म्हणजे दयामाया घरी ठेवून यावं लागतं. आधी त्याला उताणा पाडायचा, पोटावर गुडघा रोवायचा, खालच्या कापडात सुरी खुपसून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत टराटरा फाडत न्यायचं. मग आत कोपरापर्यंत हात घालून कुजका स्पंज, काथ्या आणि गंजलेल्या स्प्रिंगा ओढून बाहेर काढायच्या. सोफा दुरुस्तीच्या त्या कारखान्यात हे काम तिच्याकडे होतं. धट्टेकट्टे पुरुष दोन सोफे फाडून चहाला पळत आणि ही तोवर तिसऱ्याच्या छाताडावर बसलेली असे. म्हणून सगळे तिला वाघीण म्हणत.

घरी मात्र या वाघिणीची शेळी होई. नवरा गोदामात क्रेन चालवायचा, त्यामुळे गल्लीत तो ऑपरेटर. दिवसभर हा माणूस टनावारी लोखंड हवेत उचलून असं अलगद खाली ठेवी की खालच्या माणसाच्या टोपीलाही धक्का लागू नये. संध्याकाळी दोन पेले पोटात गेले की त्याच हाताचा ब्रेक निकामी व्हायचा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मारी, जास्त पडलं म्हणून मारी, आणि मीठ बरोबर असलं तर तोंड वर करून बघितलंस म्हणून मारी.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तोंड दाखवायचं तर कारण लागतंच. तिचं ठरलेलं कारण होतं, 'स्प्रिंग उडाली.' सोफ्याची दाबलेली स्प्रिंग खरंच उडते आणि लागली तर ओठ फोडते, त्यामुळे सुरुवातीला लोकांना पटलं. पुढे पटेनासं झालं, पण तोवर त्याचा विनोद झाला होता. "काय वाघीण, कालची स्प्रिंग मोठी होती वाटतं," असं मालक काका म्हणत, सुतार फिदीफिदी हसे आणि तीही हसे. एखादी गोष्ट हसण्यावारी नेली की बघणाऱ्याला काही करावं लागत नाही. फार सोयीचं असतं ते.

मग तो ताप आला. कुठल्याशा विषाणूचा, घराघरांत शिरलेला. तिला आधीपासून साखरेचा आजार, त्यामुळे तिला त्याने चांगलंच लोळवलं. छातीत हवा शिरेना, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला, स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली. त्या दिवसांत ऑपरेटर माणसासारखा वागला, हे नाकारून चालणार नाही. डबे आणले, पाय चेपले, वॉर्डाबाहेर बसून रडला. ती वाचली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की स्टेरॉइडच्या या गोळ्या हळूहळू कमी करत बंद करायच्या आणि साखर तपासत राहायची.

तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. त्या गोळ्या घेतल्या की अंगात दहा हत्तींचं बळ येई, सोफ्याचा सांगाडा एकटीने उलटा करता येई. नाही घेतल्या तर हातोडीही उचलवत नसे. औषधाच्या दुकानातून ती तीच पाकिटं आणत राहिली. साखर आत कुठवर चढली होती, ते तिला माहीत नव्हतं आणि बघायचंही नव्हतं. कामावर हजर व्हायचं होतं, बस्स.

सोफ्याला कापड ठोकताना ही मंडळी मूठभर बारीक खिळे तोंडात भरतात. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, लोहचुंबक लावलेल्या हातोडीने तो टिपायचा आणि ठोकायचा. हाताला उसंत नाही, तोंडाला बोलायची सोय नाही. एका दुपारी ती अशीच ठोकत होती आणि सुतार एकदम ओरडला.

"ताई, रक्त! हनुवटीवरून गळतंय बघ!"

तिने तोंडात बोट घातलं. एक खिळा उजव्या गालात आतून पार त्याच्या टोपीपर्यंत रुतला होता. तिने तो उपटला. दुखलं नाही. गालाला चिमटा काढला, तोही कळला नाही.

"मार खाऊन गाल निर्ढावला," ती म्हणाली आणि थुंकून पुन्हा कामाला लागली. सुतार नेहमीसारखा हसला.

नाक त्याच बाजूने चोंदलं होतं. शिंकरलं की काळ्या खपल्या पडत. डोकं उजवीकडून असं ठणके की भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटे. कारखान्यातली धूळ, असं तिने स्वतःला सांगितलं. स्वतःला काहीबाही सांगायची तिला सवयच होती.

अशा डोक्याने ती एका संध्याकाळी पडून होती, तेव्हा ऑपरेटर पिऊन आला. दार उघडायला उशीर झाला, एवढं निमित्त त्याला पुरलं. त्याने भाजीचं पातेलं भिंतीवर फेकलं, तिला झिंज्या धरून उभं केलं आणि मूठ वळून हाणली. ती खाली वाकली. मूठ मागच्या लोखंडी कपाटावर बसली, सालं निघाली, तो शिव्या घालत तिथेच कोसळला आणि घोरायला लागला.

सकाळी त्याला जाग आली तेव्हा त्याच्या बोटांवर रक्त सुकलं होतं आणि समोर बायको उभी होती. तिचा उजवा डोळा सुजून बाहेर आलेला, भोवती काळंनिळं पडलेलं.

"हे मी केलं?" त्याने विचारलं.

"नाही हो. तुमचा हात कपाटावर बसला. हे माझं आपोआप सुजलंय. मला काहीतरी झालंय."

त्याने कपाटाकडे बघितलं. कपाटाला जुने पोचे होतेच, त्यांतला नवा कुठला ते कोण सांगणार? त्याला रात्रीचं एवढंच आठवत होतं की मूठ वळली होती. तो तिच्या पायाशी बसला आणि हमसून रडायला लागला.

"तू फार चांगली आहेस गं. एवढं करून मला वाचवतेस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर याने मारलं तेव्हा 'मारलं नाही' म्हणून ती गावाला सांगत आली, आणि आज त्याने मारलं नव्हतं तर खुद्द मारणाराही ऐकेना.

त्याने तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. तिच्या भुवया आणि ओठ शिवून शिवून या डॉक्टरांचा हात बसला होता. त्यांनी बघताक्षणी कपाळाला हात लावला.

"पुन्हा स्प्रिंग का?"

"मीच मारलं, डॉक्टर," ऑपरेटर म्हणाला. लग्नापासून पहिल्यांदा त्याने कबुली दिली, आणि तीही न केलेल्या गुन्ह्याची.

डॉक्टर उठले आणि त्यांनी त्याची कॉलर धरून त्याला औषधांच्या कपाटावर असा ढकलला की आतल्या बाटल्या खळखळल्या. "लाज वाटते का थोडी तरी? एक दिवस जीव घेशील तिचा!"

"डॉक्टर, माझं ऐका ना," ती म्हणत होती. "गाल बधिर आहे. नाकातून काळं पडतं. यांनी नाही मारलं या वेळी."

"मार बसला की बधिर होतंच. साकळलेलं रक्त आहे ते, पडेल थोडे दिवस." डॉक्टरांची नजर अजून ऑपरेटरवरच होती. माणूस भला होता. इतका भला की नवऱ्याला झाडण्याच्या नादात बायकोच्या नाकात बॅटरी मारून बघायचं राहून गेलं. त्यांनी बर्फ लावायला सांगितला, दुखणं थांबायची गोळी दिली आणि सूज उतरायची गोळी दिली. ही दुसरी गोळी त्याच स्टेरॉइडच्या जातीची होती, जिच्यावर ती आधीच जगत होती. आगीत तेल पडलं.

कारखान्यात गेली तेव्हा तिच्याकडे बघून कुणी हसलं नाही. काकांनी हातातला चहा खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या हसण्याची त्यांना एकदम लाज वाटली असावी, आणि लाजेचा राग होतो तेव्हा त्याला कुणीतरी मारायला लागतं. संध्याकाळी काका आणि सुतार तिच्या मागोमाग तिच्या घरी आले. सुताराच्या हातात सोफ्याचा सागवानी पाय होता.

पहिला तडाखा ऑपरेटरच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा डोक्यात बसला. तो खाली पडला, तेव्हा साठी उलटलेल्या काकांनी त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. दम लागला तरी थांबले नाहीत. दारात शेजारीपाजारी गोळा झाले. कुणी सोडवायला पुढे आलं नाही.

ती मध्ये पडली. "नाही मारलं हो यांनी! शप्पथ! मला रोग झालाय काहीतरी!"

"ताई, बास झालं आता," सुतार धापा टाकत म्हणाला. "आज तरी खरं बोल."

"खरंच बोलतेय मी!"

"मारू दे त्यांना," खालून ऑपरेटर म्हणाला. तोंडातून रक्ताची लाळ गळत होती. "माझंच चुकलंय."

ती भिंतीला टेकून खाली बसली. कितीही घसा फोडला तरी आपलं कुणी ऐकणार नाही, हे तिला तेव्हा कळलं आणि पहिल्यांदा तिची पाचावर धारण बसली. नवऱ्याची भीती तिच्या ओळखीची होती, ती कुठून येते आणि कधी थांबते हे तिला पाठ होतं. डोक्यात काहीतरी खात खात वर सरकतंय, याची भीती नवी होती.

तिचा उजवा डोळा मिटला तो उघडेना. बोटाने पापणी उचलली तर पलीकडे काही नव्हतं, नुसता काळोख. वरच्या दाढा हलायला लागल्या. दाढ हलते तर दातांच्या डॉक्टरकडे जावं, एवढाच साधा विचार करून ती कारखान्यासमोरच्या नव्या दवाखान्यात शिरली. तो तरुण डॉक्टर नुकताच तिथे आला होता. गल्लीतल्या भानगडी त्याच्या कानावर गेल्या नव्हत्या, म्हणून त्याने फक्त तोंडात बघितलं.

टाळूचा अर्धा भाग कोळशासारखा काळा पडला होता. त्याने चिमट्याने तिथे टोचलं.

"दुखतंय?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"साखर आहे? नुकताच तो ताप येऊन गेला?"

तिने दोन्हींना होकार दिला, आणि कुणीतरी आपल्याला प्रश्न विचारतंय एवढ्यानेच तिला रडू फुटलं. त्याने हातमोजे काढून फेकले, बाहेर बसलेल्यांना उद्या यायला सांगितलं आणि तिला स्वतःच्या गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे नाक-कान-घशाच्या सर्जनबाई होत्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी नाकात दुर्बीण घातली, आतलं थोडं खरवडून काचपट्टीवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. परत आल्या त्या घाईत.

"बुरशी आहे. हवेत, मातीत, धुळीत असतेच, धडधाकट माणसाला काही करत नाही. ताप, साखर आणि स्टेरॉइड या तिघांनी मिळून तिला तुमचं दार उघडून दिलं. ती रक्तवाहिन्या बंद पाडते, मग मांस मरतं आणि मेलेलं मांस ती खाते. नाकातून टाळूत गेली, टाळूतून डोळ्यात. पुढे मेंदू. आत्ता कापायला घेतलं पाहिजे."

"डोळा?" तिने विचारलं.

"गेलाय. तो काढला तर तुम्ही वाचाल कदाचित." बाईंनी दुर्बीण बाजूला ठेवली. "सूज आली त्याच दिवशी आला असतात तर बहुतेक वाचवला असता."

गळ्यात हात बांधलेला, डोक्याला पट्टी असा ऑपरेटर सही करायला आला. सर्जनबाईंनी त्यालाही तेच सगळं सांगितलं.

"म्हणजे ठोशाने नाही झालं?"

"ठोशाचा काही संबंध नाही."

"मी नाही केलं!" त्याने डाव्या हाताने सही ओढली आणि तो व्हरांड्यात हसायला लागला. मोठमोठ्याने, मोडक्या बरगड्या धरून. बायकोला आत नेत होते आणि हा पायऱ्या उतरून चालू लागला, थेट कारखान्याकडे. तिथे त्याने सुताराच्या तोंडावर लोखंडी पट्टी मारली, त्याचे पुढचे दात पाडले आणि ओरडून ओरडून सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरीण स्वतः म्हणाली, मी नाही मारलं.

इकडे तिच्या चेहऱ्यावर सुरी चालत होती. नियम सोपा होता. मेलेल्या मांसातून रक्त येत नाही, म्हणून रक्त येईपर्यंत कापत जायचं. नाकाच्या आतलं कापलं, रक्त नाही. गालामागचं हाड काढलं, रक्त नाही. वरचा अर्धा जबडा दातांसकट काढला, टाळू काढली, डोळा खोबणीसकट काढला, तेव्हा कुठे कडेने लाल रक्त उसळलं आणि सर्जनबाईंनी हातातलं हत्यार खाली ठेवलं.

शुद्ध आली तेव्हा तिला वाटलं, आता संपलं. संपलं नव्हतं. साखर उतरवायला इन्सुलिन सुरू झालं आणि बुरशी मारायचं पिवळसर औषध शिरेतून थेंबथेंब चढायला लागलं. नर्स त्याला भूकंपाची बाटली म्हणत. बाटली लागली की थोड्याच वेळात तिला हुडहुडी भरे. पुढे ती हुडहुडी अशी वाढे की पलंगाची चाकं फरशीवर खडखडत, उरलेले दात एकमेकांवर आपटत, दोन नर्सना तिचे हातपाय दाबून धरावे लागत. शिरा जळत. ओकारी येई ती तोंडातून आणि नाकातून एकदमच, कारण मध्ये टाळूच नव्हती. औषध मूत्रपिंडांनाही सोडत नाही, म्हणून रोज रक्त काढत. पुन्हा एकदा आत नेऊन कडा खरवडल्या. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली.

तिने एकदाही नको म्हटलं नाही. आयुष्यात एवढा मार खाल्ला, पण तिच्या बाजूने लढणारा मार हा पहिलाच.

बुरशी हटली. वॉर्डातल्या तिच्या रांगेतले काही पलंग मध्येच रिकामे झाले, पण ती टिकली. बाटल्या थांबून गोळ्या सुरू झाल्या. तोवर ती मुकी होती. बोलायला गेली की सगळे शब्द नाकातून फुसकन निघून जात. मग तो दातांचा डॉक्टर आला, त्याने मापं घेतली आणि टाळूच्या भोकाला बसेल अशी दातांची कवळी करून आणली.

"आजपासून बोला," तो म्हणाला.

नेमका त्याच दिवशी भेटीच्या वेळी ऑपरेटर काकांना आणि सुताराला घेऊन आला. सुताराच्या तोंडात पुढच्या दातांच्या जागी फट होती. तो आला होता, कारण त्यालाही स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. ऑपरेटर तिच्या उजव्या अंगाला उभा राहिला, पट्टी होती त्या बाजूला.

"सांग यांना," तो म्हणाला. "गल्लीत तोंड वर करून चालता येत नाही मला. सांग, मी मारलं का तुला?"

तिने कवळी जिभेने दाबून बसवली. आवाज घोगरा होता, पण एकेक शब्द कळत होता.

"नाही मारलं."

"ऐकलंत? ऐकलंत ना काका?"

"या वेळी नाही मारलं," ती पुढे बोलत राहिली. "बाकी सगळ्या वेळी मारलं. ओठ यांनीच फोडला. मनगट यांनीच मोडलं. मी तुम्हाला खोटं सांगत आले, आणि खोटं आहे हे कळूनही तुम्ही हसलात. म्हणून खरं बोलले तेव्हा कुणाला पटलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच दिवशी आले असते तर डोळा राहिला असता. बुरशीने खाल्ला हे खरंच. पण उशीर कुणी केला?"

"ए, गप," ऑपरेटर म्हणाला.

"आणि मागे तुम्हाला सांगितलं होतं तशी जिन्यावरून मी घसरले नव्हते. पोटात मूल होतं. वरच्या पायरीवरून यांनी लाथ घातली होती."

काकांनी पलंगाची कड घट्ट धरली. ती समोर त्यांच्याकडेच बघत होती, म्हणून उजवीकडे काय चाललंय हे तिला दिसलं नाही. ऑपरेटरचा धड हात वर गेला होता, भर वॉर्डात, मूठ वळून, जिथे डोळा होता त्या पट्टीवर नेम धरून. आजवर फक्त तिने पाहिलेलं सगळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. सुताराने झडप घालून ते मनगट हवेतच पकडलं.

समोरच्यांचे चेहरे का पांढरे पडले, हे तिला कळेना. तिने मान पूर्ण वळवली, डाव्या डोळ्याला तो दिसेपर्यंत, आणि वर अडकलेल्या त्या मुठीकडे नीट बघितलं.

"काका, पोलिसांना बोलवा," ती म्हणाली. "आता सांगायला मी एकटी नाही."